रायडिंग जॅकेटमधलं आर्मर कसं निवडायचं: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

गाडी आली, हेल्मेट झालं, आता जॅकेट घ्यायचं ठरलं की बहुतेकजण रंग, जाळी आणि किंमत बघून घरी येतात. आत आर्मर, म्हणजे खांदा, कोपर, पाठ इथे मार झेलायला बसवलेले तुकडे, कसं आहे ते पाहायचं राहून जातं. टॅगवर ‘सीई आर्मर’ असं लिहिलेलं असतं (सीई म्हणजे युरोपच्या नियमांत बसतं अशी निर्मात्याची खूण), दुकानदार त्यावर बोट ठेवतो आणि विषय तिथेच संपतो.

हेल्मेटचं त्या मानाने बरं आहे. २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट आपल्याकडे विकता येत नाही. जॅकेटच्या आर्मरला अशी सक्ती नाही. बाजारात जे चालतं ते युरोपचं मानक, आणि ते वाचून घेणं आपल्यालाच भाग आहे. वाचायला पाच मिनिटं लागतात, अवघड काही नाही. त्याहून जास्त वेळ द्यायचा तो आर्मर अंगावर नेमकं कुठे बसतंय हे तपासायला. माझं मत आधीच सांगून टाकतो: हाडावर घट्ट बसलेलं लेव्हल १ आर्मर हे कोपरावरून सरकणाऱ्या लेव्हल २ पेक्षा (मानकातल्या दोन पायऱ्या, २ जास्त मार शोषणारी) शंभर पटीने बरं.

दुकानात जाताना सोबत काय न्यायचं

- शिंप्याची मोजपट्टी
- तुमचं स्वतःचं हेल्मेट (का, ते पुढे येईल)
- गाडी चालवताना जे घालता तेच कपडे. ऑफिसच्या इस्त्रीच्या शर्टावर ट्रायल घेऊ नका
- शक्य असेल तर गाडी दुकानासमोरच लावा
- सोबत एक माणूस, जो तुमचं कोपर धरून पिरगळायला लाजणार नाही

दुकानदाराकडे मागायचे कागद दोनच: आर्मरसोबत येणारं माहितीपत्रक आणि बिल. संरक्षक साधनांसाठीच्या युरोपच्या २०१६/४२५ या नियमानुसार निर्मात्याला अनुरूपतेचं घोषणापत्र (वस्तू नियमांना उतरते असं लिहून दिलेला कागद) द्यावं लागतं किंवा ते वेबसाइटवर कुठे आहे ते माहितीपत्रकात छापावं लागतं. चांगल्या कंपन्यांचं ते सापडतं. सापडलं नाही तर त्या आर्मरवरच्या शिक्क्याला किती भाव द्यायचा ते तुम्हीच ठरवा.

१. आधी आर्मर म्हणजे काय नाही, ते समजून घ्या

पडल्यावर दोन गोष्टी होतात. अंग आपटतं आणि मग घसरतं. आपटण्याचा मार कमी करण्याचं काम आर्मरचं, घसरताना कातडी वाचवण्याचं काम कापडाचं. दोन्ही वेगवेगळी आणि दोन्हींची मानकंही वेगळी. जॅकेटमधलं आर्मर सर्टिफाइड आहे याचा अर्थ जॅकेट सर्टिफाइड आहे असा होत नाही, आणि टॅगवरची सगळी गंमत इथेच चालते.

अख्ख्या कपड्याचं मानक ईएन १७०९२ (ईएन ही युरोपच्या मानकाची खूण). त्यात पाच वर्ग आहेत: ट्रिपल ए, डबल ए, ए, बी आणि सी. पहिल्या तीनमध्ये घासण्याला टिकणारं कापड आणि आर्मर दोन्ही आलं. बी वर्गात कापड आहे, आर्मर नाही. सी वर्गात उलटं: आर्मर धरून ठेवणारी नुसती जाळी. बाजारात स्वस्तात मिळणारे जाळीचे ‘बॉडी आर्मर’ शर्ट या सी वर्गाच्या धाटणीचे असतात. ते टी-शर्टावर घालून हायवेला निघालेले लोक दिसतात तेव्हा वाईट वाटतं, कारण डांबरावर घसरलं की ती जाळी काही क्षणांत संपते. असा शर्ट घ्यायचा तर वर टिकाऊ कापडाचं जॅकेट हवंच.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात प्रत्यक्ष अपघातात सापडलेल्या मोटरसायकलस्वारांचे कपडे तपासले होते. आर्मर बसवलेले कपडे घालणाऱ्यांना दुखापत होण्याचं प्रमाण कमी निघालं. पण त्याच अभ्यासात तीसेक टक्के जॅकेटं आणि चौथा हिस्सा ग्लोव्हज मार खाताना निकामी झालेले आढळले. कापड फाटलं किंवा शिवण उसवली की आतलं आर्मर कुठे जाईल याचा भरवसा नाही. म्हणून जॅकेट हातात आलं की आधी खांद्याची आणि कोपराची शिवण बघा. एकेरी शिवण दिसली तर जॅकेट परत हँगरला.

२. आर्मरचा तुकडा खिशातून बाहेर काढा

टॅगवर विश्वास ठेवू नका. अस्तराच्या आत वेल्क्रो लावलेले खिसे असतात, त्यातून प्रत्येक तुकडा बाहेर काढा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या, परत घालायची जबाबदारी आपण घ्यायची. तुकड्यावरच पुढच्या गोष्टी कोरलेल्या किंवा छापलेल्या हव्यात:

- मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र
- मानकाचा क्रमांक. खांदा, कोपर, खुबा, गुडघा यांना ईएन १६२१-१, पाठीला १६२१-२, छातीला १६२१-३
- जागेचं अक्षर: खांद्याला इंग्रजी एस, कोपराला ई, खुब्याला एच, गुडघ्याला के. पाठीला दोन अक्षरं असतात: एफबी म्हणजे पूर्ण पाठ, सीबी म्हणजे मधली पाठ, एलबी म्हणजे कंबर
- टाइप ए की टाइप बी. ए लहान आकाराचा, बी मोठा
- लेव्हल: १ किंवा २

नुसतं ‘सीई’ छापलेलं, पुढे क्रमांक नाही, लेव्हल नाही, अक्षर नाही, तर तो तुकडा फक्त जाड स्पंज आहे असं समजून चाला.

टाइपकडे फारसं कोणी बघत नाही. अंगाने उंच, लांब हातापायांचा माणूस असेल आणि गुडघ्याला टाइप ए बसवलेलं असेल तर हाड बरंच उघडं राहतं. उलट लहान चणीच्या मुलींना टाइप बीचे खांदे गळ्याकडे सरकतात आणि हेल्मेटला टेकतात. अशा वेळी टाइप ए घेण्यात काही कमीपणा नाही.

३. लेव्हलचे आकडे, थोडक्यात

चाचणी अशी होते: पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून आर्मरवर पाडतात, म्हणजे ५० जूलचा आघात. आर्मरखाली किती बल पोचलं ते मोजतात; जितकं कमी, तितकं आर्मर चांगलं. हातापायांच्या आर्मरला लेव्हल १ साठी सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत मुभा आहे, लेव्हल २ साठी २० पर्यंत. पाठीचं मानक जास्त कडक: लेव्हल १ ला १८, लेव्हल २ ला ९.

हे आकडे शेजारी ठेवून बघा. गुडघ्याचं लेव्हल २ हे पाठीच्या लेव्हल १ पेक्षाही कमी कडक आहे. तेव्हा ‘सगळं लेव्हल २ आहे’ या वाक्यात सगळं एकसारखं नसतं. मणक्याला कमी बल सोसतं म्हणून त्याची मर्यादा खाली ठेवलेली आहे.

आता ५० जूल म्हणजे फार मोठा आघात नव्हे. ८० च्या वेगात ट्रकला धडकलात तर हे आर्मर वाचवेल अशी आशा बाळगू नका. पण गाडी घसरून पडताना माणूस आडवा कितीही वेगात असला तरी खाली येतो तो सीटच्या उंचीवरूनच. त्या आपटण्यासाठी ही चाचणी बेतलेली आहे. ताम्हिणीत पावसाळ्यात शेवाळावर, वरंधात वळणावरच्या खडीवर किंवा चौकात सांडलेल्या डिझेलवर लोक पडतात ते असेच. आपटतात, घसरतात, थांबतात. अशा पडण्यात कोपर, गुडघा आणि खुबा आधी टेकतो आणि तिथे आर्मरचा उपयोग होतो.

लेव्हल २ जाड असतं, थोडं जड असतं, त्यातून वारा कमी जातो. माझा सल्ला: पाठीला लेव्हल २ च घ्या, तिथे तडजोड नको. हातापायांना लेव्हल १ चालेल, जर त्यामुळे तुम्ही जॅकेट रोज घालणार असाल तर. मे महिन्यात नागपूरला घरी खुंटीवर राहिलेलं लेव्हल २ कोणाच्याच कामाचं नाही.

४. पाठीच्या खिशात काय आहे?

हा सगळ्यात मोठा सापळा. जॅकेटच्या खांद्या-कोपरांत सर्टिफाइड आर्मर असतं आणि पाठीच्या खिशात निघतो उशीच्या फोमचा एक पातळ काळा तुकडा. खिसा भरलेला वाटतो, पाठीवर काहीतरी आहे असं जाणवतं, म्हणून कोणी पाहत नाही. महागड्या जॅकेटांतही हे सर्रास चालतं, कारण ईएन १७०९२ च्या कुठल्याच वर्गात पाठीचं आर्मर सक्तीचं नाही.

अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. बोटं एकमेकांना टेकली तर तो फोम आहे. खरं पाठीचं आर्मर हातात जरा वजनदार लागतं, दाबून लगेच सोडलं तर हळूहळू मूळ आकारात येतं, आणि त्यावर १६२१-२ लिहिलेलं असतं.

फोम निघाला तर घाबरायचं कारण नाही, पाठीचा इन्सर्ट, म्हणजे खिशात सरकवायचा आर्मरचा तुकडा, वेगळा विकत मिळतो. फक्त खिशाचं माप घेऊन जा: वरची रुंदी, कमरेकडची रुंदी आणि लांबी. त्याच कंपनीचा घेतला तर बसण्याची खात्री जास्त. जॅकेटचं बजेट ठरवतानाच हा खर्च धरा. दहा हजारांचं जॅकेट आणि आत फोम यापेक्षा सात हजारांचं जॅकेट आणि खरा इन्सर्ट हा सौदा केव्हाही चांगला.

पट्ट्यांनी अंगाला बांधायचा वेगळा बॅक प्रोटेक्टर हा दुसरा पर्याय. तो जॅकेटसोबत हलत नाही आणि कंबरेपर्यंत नीट झाकतो. त्याचं माप छातीवरून ठरत नाही, खांद्यापासून कमरेपर्यंतच्या अंतरावरून ठरतं. मोजपट्टी त्यासाठीच. दोन-तीन जॅकेटं आलटून-पालटून वापरणाऱ्यांना हा बरा पडतो.

५. कडक की मऊ

जुन्या पद्धतीचं आर्मर म्हणजे वर कडक प्लास्टिकची वाटी आणि खाली फोम. नवं बहुतेक मऊ: हाताने वाकतं, आघात बसला की क्षणात घट्ट होतं. डी-थ्री-ओ या कंपनीचं केशरी आर्मर ओळखीचं असेल, ते या जातीचं. नॉक्स, सास-टेक हीही याच क्षेत्रातली जुनी नावं. रोजच्या वापराला मऊ आर्मर बरं, कारण ते अंगाच्या उबेने वळतं आणि टोचत नाही. डर्ट बाइक, खडकाळ वाटा, दगड उडण्याची शक्यता असेल तिथे कडक कवचाचा फायदा होतो.

आपल्याकडे तापमानाचा प्रश्न मात्र खरा आहे. मऊ आर्मर उन्हात आणखी मऊ पडतं आणि थंडीत दगडासारखं होतं. मानकात यासाठी ऐच्छिक चाचण्या आहेत: टी प्लस म्हणजे ४० अंशांना तपासलेलं, टी मायनस म्हणजे उणे १० ला. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात फिरणाऱ्याने टी प्लसची खूण शोधावी. लडाखला जाणाऱ्याने टी मायनस. तिकडे रात्री जॅकेट गाडीवर ठेवू नका, सोबत खोलीत घ्या, नाहीतर सकाळी कोपर वाकवताना कळेल.

६. गाडीवर बसून तपासा

आरशासमोर उभं राहून जॅकेट कसं दिसतं एवढंच कळतं. आर्मर कुठे बसतं ते गाडीवर बसल्यावर कळतं.

आधी एक गोष्ट करा: थंडीचं आणि पावसाचं आतलं अस्तर काढून टाका. आपल्याकडे वर्षातले नऊ-दहा महिने ते कपाटातच राहणार. अस्तरासकट घट्ट बसणारं जॅकेट अस्तर काढलं की बाहीत ढगळ होतं आणि कोपराची वाटी गोल फिरायला लागते. दुकानात हमखास ऐकू येतं, “सर, थोडं सैल घ्या, आतून स्वेटर घालता येईल.” घरच्या कार्यक्रमाच्या कोटाला हा सल्ला ठीक आहे. इथे नाही.

चेन गळ्यापर्यंत लावा, दंडाच्या आणि मनगटाजवळच्या पट्ट्या ओढा, हेल्मेट घाला आणि हँडल धरून बसा.

खांदा: वाटी खांद्याच्या टोकावर हवी. बऱ्याच जॅकेटांत हात पुढे केले की ती छातीकडे येते.

कोपर: सोबतच्या माणसाला बाहीवरून आर्मर पकडून दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा. थोडं हलणारच. पण हाडाचं टोक उघडं पडत असेल तर दंडाची पट्टी आणखी आवळा. तरीही फिरलं तर एक साइज खाली या किंवा ते जॅकेट सोडा. नुसतं मोठं आर्मर घालून हे दुरुस्त होत नाही.

पाठ: वरची कड खांद्याच्या पात्यांमध्ये, खालची कमरेशी. मान मागे टाकून सिग्नलकडे बघतो तसं वर बघा. हेल्मेटची मागची कड आर्मरला टेकत असेल तर लांबच्या प्रवासात मान धरते. स्पोर्ट्स बाइकवर पुढे वाकून बसणाऱ्यांना याचा फार त्रास होतो, म्हणून हेल्मेट सोबत न्यायचं.

आता जॅकेट मागून धरून वर ओढायला सांगा. ते बगलेपर्यंत आलं तर घसरताना तसंच वर जाणार आणि कंबर उघडी पडणार. जॅकेट आणि पँट जोडणारी चेन यासाठी असते. ती लावायचा कंटाळा करू नका.

७. गुडघा आणि खुबा

जॅकेटवर पंधरा हजार खर्च करणारे लोक खाली जीन्सवर बसतात. शहरातल्या साध्या पडझडीत गुडघा पहिला फुटतो, तरी रायडिंग पँट ही शेवटची खरेदी असते. पँट नकोच असेल तर निदान पट्ट्यांचे गुडघ्याचे गार्ड घ्या. नडगीपर्यंत जाणारे उत्तम.

पँट घेताना एक फसगत नेहमीची आहे. उभं राहिल्यावर आर्मर बरोब्बर गुडघ्यावर दिसतं, माणूस खूश होतो. बसलं की कापड वर सरकतं आणि आर्मर मांडीवर येतं. म्हणून उभं असताना ते गुडघ्याच्या किंचित खाली दिसायला हवं आणि बसल्यावर वाटी हाडावर यायला हवी. चांगल्या पँटींत आतल्या खिशाला वेल्क्रोच्या दोन-तीन पायऱ्या असतात, त्याने उंची बदलता येते. दुकानातच बदलून बघा.

खुब्याचं आर्मर कमरेच्या हाडावर बसवलेलं बऱ्याचदा दिसतं. ते त्याच्या खाली हवं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाताला जे हाडाचं उंचवट्यासारखं टोक लागतं तिथे. कुशीवर पडलं की तेच जमिनीला टेकतं. बऱ्याच पँटींत खुब्याचा खिसा असतो पण रिकामा, तेव्हा हात घालून बघा.

८. छाती आणि एअरबॅग

छातीचं आर्मर सुरुवातीला नसलं तरी चालेल. पण जॅकेटमध्ये त्याचे खिसे असतील तर नंतर घालता येतं, एवढं बघून ठेवा. एअरबॅग वेस्टचं, म्हणजे पडताना फुगणाऱ्या बंडीचं, मानक ईएन १६२१-४. गाडीला दोरीने जोडायचं वेस्ट असेल तर माणूस गाडीवरून फेकला गेला की दोरी ताणून गॅसची छोटी नळकांडी फुटते आणि वेस्ट फुगतं. नळकांडी एकदा वापरायची, नवी कुठे मिळते ते आधी विचारा. आणि दोरी सोडायची सवय लावा, पेट्रोल पंपावर उतरताना पुष्कळांची पंचाईत होते.

९. ऑनलाइन किंवा जुनं घेताना

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून जॅकेटचा फोटो मागू नका, तो दिसतोच. आर्मरच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, ज्यात क्रमांक वाचता येईल. ‘सीई टेस्टेड मटेरियल’, ‘सीई ग्रेड फोम’ असले शब्द दिसले की सावध व्हा. लेव्हल सांगायला टाळाटाळ झाली तर पुढे जा.

जुनं जॅकेट घ्यायला हरकत नाही, जुनं आर्मर घेऊ नका. ते कुठल्या मारातून गेलंय ते बाहेरून कळत नाही. जॅकेट धुऊन घ्या आणि आत नवे तुकडे घाला.

१०. धुणं आणि बदलणं

आर्मरसकट जॅकेट मशीनमध्ये टाकायचं नाही. सगळे तुकडे बाहेर काढा, ओल्या फडक्याला सौम्य साबण लावून पुसा, सावलीत वाळवा. घामाचा वास आर्मरच्या मागच्या जाळीत अडकतो, तिथे जुना टूथब्रश कामाला येतो. पेट्रोल, थिनर, चेन क्लीनर लागू देऊ नका.

जोरात पडलात तर मार लागलेला तुकडा बदला, दिसायला धड असला तरी. न पडताही साधारण पाच वर्षांनी बदलण्याचा सल्ला बरेच निर्माते देतात. माहितीपत्रकात मुदत दिलेली असेल तर ती पाळा. तडे, कडक झालेल्या कडा किंवा दाबल्यावर परत न येणारा खड्डा दिसला तर मुदतीची वाट बघू नका.

तुकडे काढण्याआधी प्रत्येक खिशाचा मोबाइलवर फोटो घ्या. डावं-उजवं कोपर बघताना सारखंच वाटतं, आणि खोलगट बाजू अंगाकडे ठेवायची असते. उलटं घातलेलं आर्मर पहिल्याच राइडला टोचायला लागतं आणि लोक ते काढून डिकीत टाकतात. परत घातल्यावर वेल्क्रो पूर्ण बंद झालाय ना ते बोटाने चाचपा आणि जॅकेट अंगात घालून एकदा हँडलवर हात ठेवून बघा.